औषध स्वस्त, पण जबाबदारी पूर्ण

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. पण त्या सत्याग्रहाला ज्या ठरावाचा आधार होता, त्यातला एक शब्द आपल्या ध्यानात क्वचितच राहतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि कचेऱ्या यांच्या जोडीला सार्वजनिक दवाखानेही अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्या ठरावात म्हटले होते. म्हणजे पाण्याचा हक्क आणि औषधाचा हक्क एकाच कागदावर आले होते.

पुढे घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. दवाखान्याचे दार उघडले. पण दार उघडले म्हणजे काम संपले असे नाही. त्या दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीतून आपल्या हातात काय पडते, कोण देतो आणि काय सांगून देतो, हा आजचा प्रश्न आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही औषध देणाऱ्या माणसाविषयी, म्हणजे फार्मासिस्टविषयी लिहीत आहोत.

आपल्या वस्तीतल्या माणसाला मोफत किंवा सवलतीचे औषध मुख्यतः तीन ठिकाणी मिळते. पहिली, सरकारी दवाखान्याची खिडकी. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत करण्यात आले. दुसरी, कामगार विम्याचा दवाखाना. तिसरे, जनऔषधी केंद्र. ही योजना नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाली आणि २०२५ सालापर्यंत देशभरातील केंद्रांची संख्या पंधरा हजारांपर्यंत गेली. बाजारातल्या नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा येथील औषधे ५० ते ८० टक्क्यांनी स्वस्त असतात, असे सरकार सांगते.

या तिन्ही ठिकाणी आपला माणूस कसा उभा राहतो, ते पाहा. खांदे पाडून, आवाज खाली करून, उपकार घेतल्यासारखा. खिडकीतल्या माणसाने पुडी सरकवली की ती मुकाट्याने पिशवीत टाकतो. "फुकटचे आहे, विचारायचे कसे?" असे आपल्या माता-भगिनी म्हणतात. ही समजूतच आधी मोडली पाहिजे.

कामगार विम्याचेच उदाहरण घ्या. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला. या विम्यासाठी कामगाराच्या पगारातून पैसे कापले जातात. २०१९ साली हा हिस्सा कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के असा ठरवला गेला. म्हणजे हजार रुपये पगारामागे साडेसात रुपये कामगार स्वतः भरतो. मग ते औषध फुकटचे कसे? सरकारी दवाखान्याचे औषधही करातून येते, आणि कर तर काडेपेटी विकत घेणारी म्हातारीसुद्धा भरते. सवलत ही भीक नव्हे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करण्याचा व देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. डॉक्टर आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतो, हा त्याला मुख्य अपवाद. १९४५ च्या औषध नियमांतील ६५ वा नियम आणखी स्पष्ट आहे. दुकानात चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टने स्वतः द्यावे किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे. सरकारी दवाखान्याला विक्रीचा परवाना लागत नाही, पण त्या सूटीच्या अटींतही औषधवाटप पात्र व्यक्तीच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे, असे म्हटले आहे. जनऔषधी केंद्राला तर इतर मेडिकलसारखाच परवाना लागतो. औषध शंभर रुपयांचे असो, दहा रुपयांचे असो की मोफत असो, देणाऱ्याची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

कोणी म्हणेल, गोळ्यांचे पान उचलून द्यायला एवढे शिक्षण कशाला? आम्ही दोन उदाहरणे देतो.

संधिवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात आणि माणूस जिवास मुकू शकतो. "आठवड्यातून एकदा, अमुक वारी" हे दोन शब्द खिडकीतून सांगितले गेले नाहीत, तर औषधच विष होते.

दुसरे उदाहरण अधिक नेहमीचे आहे. मधुमेहाच्या आईला एका डॉक्टरने कंपनीच्या नावाची गोळी लिहून दिली होती. पुढे लेकाने जनऔषधी केंद्रातून तीच गोळी मूळ नावाने आणली. वेष्टन वेगळे, रंग वेगळा, नाव वेगळे. आई घरातली जुनी गोळीही घेते आणि नवीही घेते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी अशी दुप्पट पोटात गेली, तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, चक्कर येते, शुद्ध जाते. घरचे म्हणतात, "स्वस्तातले औषध बाधले." औषध बाधलेले नसते. "ही तीच गोळी आहे, जुनी बंद करा" हे सांगणारा माणूस खिडकीत नव्हता, म्हणून तसे झालेले असते. स्वस्त औषध जिथे आहे, तिथे सांगणाऱ्या माणसाची गरज अधिक असते, कमी नव्हे.

म्हणूनच फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१५ साली व्यवसायाचे नियम काढले. त्यांनुसार फार्मासिस्टने चिठ्ठी तपासावी आणि रुग्णाला समजावून सांगावे. औषध कोणते आणि कशासाठी आहे, किती, केव्हा व कसे घ्यायचे, कोणता त्रास होऊ शकतो, घरात कसे ठेवायचे, एखादी वेळ चुकली तर काय करायचे, हे सारे त्यात येते. रुग्णाविषयी कळलेली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हेही त्याचे कर्तव्य आहे. हे सांगणे म्हणजे मेहरबानी नाही.

या गुप्ततेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. वस्ती लहान असते आणि जिभा मोठ्या असतात. क्षयाचे किंवा एचआयव्हीचे औषध कोणाकडे चालू आहे, हे खिडकीवर मोठ्याने उच्चारले गेले, तर एखाद्या मुलीचे लग्न मोडते, एखाद्या माणसाचे काम सुटते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती संमतीशिवाय उघड करण्यास मनाई केली आहे. क्षयाच्या बाबतीत २०१८ पासून औषध दुकानदारांनी अशा रुग्णाची नोंद आरोग्य यंत्रणेला कळवणे बंधनकारक झाले आहे. यंत्रणेला कळवणे आणि शेजारणीला सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केलीच पाहिजे आणि दुसरी कधीही करता कामा नये.

आता पैशाचे आणि मालाचे नियम. ते प्रत्येक घरात माहीत असावेत.

सरकारी दवाखाने किंवा कामगार विमा यांच्यासाठी आलेल्या ज्या औषधावर तशी खूण छापलेली असते, ते औषध दुकानदाराने विकणे तर सोडाच, दुकानात ठेवणेही ६५ व्या नियमाने मना आहे. कामगार विम्यासाठी नेमलेल्या अधिकृत दुकानांना तेवढी सूट आहे. दवाखान्यात "औषध संपले" म्हणायचे आणि तेच औषध बाहेरच्या दुकानात दिसायचे, असे कोठे आढळले तर ती गरिबाच्या ताटातली चोरी आहे. ती पाहून गप्प बसू नये.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. पानातून चार गोळ्या सुट्या घेतल्या, तर दरही त्याच हिशेबाने लागला पाहिजे. सुट्या गोळ्यांना जादा पैसे घेणे २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाविरुद्ध आहे. योग्य कारण नसताना गिऱ्हाइकाला औषध नाकारणेही त्याच आदेशाविरुद्ध आहे. मुदत संपलेले औषध विकणे तर मनाच आहे.

एक गोष्ट फार्मासिस्टच्या बाजूनेही समजून घ्यावी. पुष्कळ जण मेडिकलवर भांडतात, "याच कंपनीचे कशाला, स्वस्तातले द्या ना." पण चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या बाबतीत, डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देण्यास नियमाने बंदी आहे, आतला घटक तोच असला तरीही. त्यामुळे मागणी करायची ती डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी औषध त्याच्या मूळ नावाने, वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, अशी सुधारणा त्यांच्या आचारसंहितेत २०१६ साली झालेली आहे. तपासणीच्या खोलीतून उठण्यापूर्वी नम्रपणे म्हणावे, "डॉक्टरसाहेब, मूळ नाव लिहून द्या, आम्ही जनऔषधीतून घेणार आहोत." एवढ्या एका वाक्याने महिन्याचा औषधखर्च निम्म्याने उतरू शकतो.

जबर प्रतिजैविके, क्षयाची काही औषधे आणि सवय लावणारी काही औषधे यांची एच-१ नावाची वेगळी यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे. ती देताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले, याची नोंद वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. फार्मासिस्टने चिठ्ठी मागितली तर रागावू नका. तो आपले कर्तव्य करीत असतो. न मागता जो देतो, त्याच्यापासूनच सावध राहावे.

सरकारी खिडकीवर मिळणारे औषध खरे आहे की नाही, याची काळजीही याच साखळीत येते. २०२३ साली नागपुरातल्या सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या प्रतिजैविक गोळ्यांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत औषधच नसल्याचे निघाले. ताप घेऊन आलेला गरीब माणूस त्या गोळ्या विश्वासाने घेत होता. मोफतच्या मालाकडे कोण पाहतो, या बेफिकिरीवर असले धंदे पोसतात. पुरवठादार, बॅच नंबर, मुदत आणि वेष्टन पाहूनच माल ताब्यात घेणारा आणि शंका येताच औषध निरीक्षकाला कळवणारा दक्ष फार्मासिस्ट हा आपल्या जिवाचा पहारेकरी आहे.

इथपर्यंत आपण हक्काचे बोललो. आता घरातले बोलू.

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातली मुले-मुली मोठ्या संख्येने डी. फार्म. आणि बी. फार्म. करू लागली आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. आईने धुणीभांडी करून, बापाने बिगारी करून आणि शिष्यवृत्तीची वाट पाहत ही शिक्षणे झालेली आहेत. परंतु त्यांतली काही मुले एक काम करतात, ते आम्हाला लिहावेच लागेल. ती आपले नोंदणीचे सर्टिफिकेट एखाद्या मेडिकलवाल्याला महिन्याच्या भाड्याने देतात. सर्टिफिकेट चौकटीत घालून दुकानाच्या भिंतीवर लटकते, मुलगा किंवा मुलगी दुसरीकडेच असते, आणि औषधे काढून देतो तो दहावी झालेला पोरगा. महिन्याला काही हजार रुपये घरी येतात. आईवडिलांनाही वाटते, बरे झाले, बसल्या जागी मिळतात.

आम्ही त्यांची अडचण जाणतो. फार्मासिस्ट म्हणून दिवसभर उभे राहावे, तर दुकानदार पगार तुटपुंजा देतो. सरकारी जागा थोड्या निघतात. स्वतःचे दुकान टाकायला भांडवल नाही. हे सारे खरे आहे. तरीही आम्ही म्हणतो, हे करू नका.

पहिले कारण कायद्याचे. तुमच्या नावावर चालणाऱ्या दुकानातून चुकीचे औषध गेले, तर भिंतीवर नाव तुमचे असते. मालक हात झटकतो. फार्मसी कायद्याच्या ३६ व्या कलमाखाली गैरवर्तन सिद्ध झाल्यास नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते. आईच्या हाताला पडलेल्या घट्ट्यांतून मिळालेले नाव एका कागदाने पुसले जाते.

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. ज्या दुकानात तुमचे सर्टिफिकेट आहे आणि तुम्ही नाही, तिथे औषध घ्यायला कोण येते? आपल्याच वस्तीतली म्हातारी येते. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मेथोट्रेक्सेट रोज घ्यायची की आठवड्याने, हे तिला सांगणारा माणूस म्हणजे तुम्ही. तुम्ही तिथे नाही. ज्या खिडकीसाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी लढा दिला, ती खिडकी तुम्ही आतून रिकामी ठेवली, असाच याचा अर्थ होतो.

भगवान बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. विषाचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले. जाणकाराशिवाय दिलेले औषध विषापासून किती दूर असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, बिछान्यावर निजवले आणि आजाऱ्याची सेवा ही बुद्धाचीच सेवा असल्याचे भिक्खूंना समजावले. सेवा करणारा कसा असावा, हेही तिथे सांगितले आहे. त्याला औषध तयार करता यावे. काय मानवते आणि काय मानवत नाही, हे त्याला कळावे. त्याने लाभासाठी नव्हे, मैत्रीने सेवा करावी. त्याला किळस येऊ नये आणि त्याने रुग्णाला धम्माच्या शब्दांनी धीर द्यावा. फार्मासिस्टच्या आचारसंहितेत याहून वेगळे काय आहे?

मग मार्ग कोणता? सर्टिफिकेट जिथे असेल, तिथे स्वतः उभे राहा. पगारासाठी एकेकट्याने नव्हे, संघटित होऊन भांडा. दोघे-तिघे मिळून जनऔषधी केंद्र काढण्याचा विचार करा. १२० चौरस फुटांची जागा आणि फार्मासिस्ट या त्यातल्या मुख्य अटी आहेत. औषधाच्या छापील किमतीवर, कर वगळून, २० टक्के मोबदला केंद्रचालकाला ठेवलेला आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि महिला अर्जदारांसाठी फर्निचर व संगणक यांकरिता २ लाख रुपयांपर्यंत एकरकमी साहाय्याची तरतूद योजनेत आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही ही ओळख मिळालेली आहे, म्हणून जातीचा दाखला नीट काढून ठेवा. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे चालू नियम वाचून घ्या. फार्मासिस्ट मुलीने चालवलेले असे एक केंद्र वस्तीजवळ असले, तर विचारायला लाजणाऱ्या आपल्या भगिनीही मोकळेपणाने विचारतील.

महावग्गात सेवकाप्रमाणे रुग्णाचीही कर्तव्ये सांगितली आहेत. हितकारक तेच करावे, प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे आणि आजाराची लक्षणे खरी सांगावीत. तेव्हा आपणही काही नियम पाळू. जुन्या चिठ्ठ्या आणि घरातल्या चालू गोळ्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. मागितल्याशिवाय मिळत नसेल, तर बिल मागून घ्यावे. त्यावर बॅच नंबर असला पाहिजे. मुदत तिथेच वाचावी. वाचता येत नसेल, तर नातवाकडून वाचून घ्यावी. "फार्मासिस्ट कोण आहेत?" असे विचारण्यात काही वावगे नाही. गैर दिसले तर भांडणात वेळ न घालवता बिल व वेष्टनासह अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी.

प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर अर्धा तास, वस्तीतल्या फार्मासिस्ट मुला-मुलीला पुढे बसवा. घरोघरच्या औषधांच्या पिशव्या उघडू द्या. कोणती गोळी कशाची, कोणती दुप्पट चालली आहे, कोणती मुदतीबाहेर गेली आहे, हे त्यांना पाहू द्या. औषध बंद करणे किंवा बदलणे मात्र डॉक्टरांना विचारूनच. या कामाला खर्च नाही. ज्या समाजाने या मुलांना शिकवले, त्या समाजाची परतफेड मात्र त्यात आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!